सांगणाऱ्याचेही ताट बदलते!

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. दुसऱ्याला उपदेश करायचा आणि स्वतः मात्र त्यातले काहीच आचरणात आणायचे नाही, अशा माणसाला उद्देशून ती वापरतात. ओढ्यात वर्षानुवर्षे पडलेला दगड फोडला तर आतून कोरडाच निघतो. तसा हा उपदेशक! म्हण मोठी मार्मिक आहे यात शंका नाही. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने म्हणीलाही एक प्रश्न विचारावा : हे नेहमीच खरे असते काय? उपदेश करणारा खरोखरच कोरडा राहतो, की सांगता सांगता तोही थोडाफार भिजतो?

प्रश्न गमतीचा वाटला तरी त्याचे उत्तर प्रयोगाने शोधता येते आणि ते शोधण्याचे प्रयत्न झालेही आहेत. विशेष म्हणजे त्यांतले काही प्रयोग तुमच्याच वयाच्या मुलामुलींबरोबर झाले आणि त्यांचा विषय होता रोजचे जेवण. अनेक देशांतील शाळांमधून वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गातील मुलांना, किंवा वर्गातलीच काही मुले आपल्या सोबत्यांना, आहाराविषयी शिकवतात. अशा मुलांना या लेखापुरते आपण ‘आहारमित्र’ म्हणू. आहारमित्रांचे ऐकून इतरांना किती फायदा झाला, हे बहुतेक सगळेच मोजतात. आज आपण उलट्या बाजूने पाहणार आहोत. आहारमित्राचे स्वतःचे काय होते?

बंदुकीतून गोळी सुटली की बंदूक मागे येते आणि खांद्याला धक्का बसतो, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे उदाहरण तुम्ही शिकला आहात. शिकवणे म्हणजे काही बल लावणे नव्हे, म्हणून तो नियम येथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. परंतु धक्का देणाऱ्यालाही धक्का बसतो, ही कल्पना पुढील मजकूर वाचताना मनात असू द्या.

मोठ्या ताईचा वर्ग

मुलांनीच मुलांना शिकवावे ही कल्पना काही नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळच्या एगमोर येथील अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाचे अधीक्षक होते. मोठ्या मुलांकडून लहान मुलांना अक्षरे शिकवून घेण्याची पद्धत त्यांनी तेथे बसवली आणि १७९७ साली तिची माहिती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली. पुढे ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती तिकडे बरीच गाजली. तिचा मूळ हेतू काटकसरीचा होता : शिक्षक थोडे आणि मुले फार. शिकवणाऱ्या मुलांचे काय होते हे मोजण्याची सोय मात्र त्या काळी नव्हती.

आरोग्य आणि आहार यांच्याकडे ही कल्पना वळवली ती डॉ. डेव्हिड मॉर्ले यांनी. हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ नायजेरियातील खेड्यांत काम करीत होते. खेड्यात लहान भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी, त्याला भरवणारी, त्याचे शेंबूड-रडे पाहणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्याची आठ-दहा वर्षांची बहीणच असते. मग आरोग्याची माहिती द्यायची ती तिलाच का देऊ नये? १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालक वर्ष म्हणून साजरे झाले. त्या निमित्ताने मॉर्ले आणि शिक्षणतज्ज्ञ ह्यू हॉज यांनी लंडनहून ‘चाइल्ड टू चाइल्ड’, म्हणजे ‘मुलाकडून मुलाकडे’, ही चळवळ सुरू केली. पुढे ती अनेक देशांत पसरली. आपल्या मुंबईतही मालाडच्या मालवणी वस्तीत वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांना आपापल्या कुटुंबाचे आरोग्यनेते केले होते. त्या कामाचा वृत्तान्त १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला.

यामागचा विचार साधा होता : माहितीची वाट छोटी करावी. पण वाटेतला निरोप्या निरोप पोहोचवून जसाच्या तसा परत येत नाही, हे हळूहळू ध्यानात येऊ लागले.

ऐकणाऱ्या आणि बोलणाऱ्या

याची एक खूण फार आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मिळाली होती. त्या वेळी अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. प्राण्याचे हृदय, मूत्रपिंड असे भाग पौष्टिक आणि स्वस्त असूनही तिकडच्या गृहिणी ते घरात आणायला राजी नव्हत्या. त्यांचे मन कसे वळवावे? कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने अयोवा राज्यात गृहिणींचे सहा गट घेतले. तीन गटांना तज्ज्ञाचे छानसे व्याख्यान ऐकवले. उरलेल्या तीन गटांना तेवढाच वेळ दिला. पण तेथे व्याख्यानाऐवजी चर्चा झाली. घरची माणसे नाके का मुरडतात, वास कसा घालवावा, अशा अडचणींवर बायकाच बोलल्या. शेवटी, पुढच्या आठवड्यात कोण करून पाहणार, असे विचारून हात वर करायला सांगितले.

नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी फक्त ३ टक्के स्त्रियांनी तो नवा पदार्थ घरी केलेला आढळला. चर्चा केलेल्यांपैकी तो ३२ टक्के स्त्रियांनी केला होता!

येथे कोणी कोणाची शिक्षिका नव्हती हे खरे. आणि हा फरक नुसत्या बोलण्याचा, की चारचौघींत हात वर केल्याचा, हेही या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. पण नुसते कानावर पडणे आणि स्वतःच्या तोंडून निघणे यांत मोठे अंतर आहे, एवढे त्यातून सूचित झाले. खाण्याच्या सवयी हट्टी असतात. त्या कानाने फारशा बदलत नाहीत.

सातवीतले आहारमित्र

आता खुद्द आहारमित्रांकडे वळू. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १६ शाळांमध्ये ‘टीन्स’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला. मुलांनी फळे व भाज्या जास्त आणि चरबीयुक्त पदार्थ कमी खावेत, हा त्याचा उद्देश होता. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात संशोधकांनी मुलांची विभागणी चार गटांत केली आहे.

पहिल्या गटाच्या शाळांत काहीच नवे केले नव्हते. दुसऱ्या गटातील मुलांच्या शाळेत उपाहारगृहातील पदार्थ वगैरे बदलले होते. पण त्यांना वर्गात धडे नव्हते. तिसऱ्या गटाला हे बदलही मिळाले आणि वर्गातले धडेही. चौथ्या गटाला हे सर्व मिळाले, आणि शिवाय त्यांनी स्वतः आहारमित्र म्हणून वर्गातील कामे चालवली.

निष्कर्ष पाहण्यासारखे आहेत. पहिल्या व दुसऱ्या गटांत सुधारणा दिसली नाही. उलट काही बाबतींत खाणे किंचित बिघडण्याकडेच कल होता. तिसऱ्या गटात थोडी सुधारणा होण्याचा कल दिसला. आहारमित्रांनी मात्र आपण फळे, भाज्या आणि कमी चरबीचे पदार्थ पूर्वीपेक्षा जास्त खात असल्याचे नोंदवले. धडे तेच, उपाहारगृह तेच. पण ज्यांच्यावर सांगण्याची जबाबदारी होती त्यांच्या ताटात जास्त फरक पडलेला दिसला.

जोडगोळ्या

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ‘हेल्दी बडीज’ या कार्यक्रमात तर सगळी रचनाच जोडीची आहे. चौथी ते सातवीतील मोठ्या मुलाला बालवर्ग ते तिसरीतील एक लहान सोबती नेमून दिला जातो. दर आठवड्याला शिक्षक मोठ्या मुलांचा ४५ मिनिटांचा तास घेतात. त्याच आठवड्यात ही मुले आपापल्या लहान सोबत्याला तोच विषय अर्ध्या तासात शिकवतात. शिवाय दोघे मिळून खेळतात, धावतात. विषय तीन : हालचाल, योग्य खाणे आणि आपल्या शरीराविषयी निकोप भावना.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कार्यक्रम राबवणाऱ्या एका शाळेची तो न राबवणाऱ्या दुसऱ्या शाळेशी तुलना केली होती. लहान सोबत्यांचे आणि मोठ्या मुलांचे, दोघांचेही आरोग्यविषयक ज्ञान वाढले. वर्षाअखेरीस शिकवणाऱ्या मोठ्या मुलांचे वजन दुसऱ्या शाळेतील त्यांच्या बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी प्रमाणात वाढले होते.

पण एका शाळेवरून सर्व जगाचा नियम बांधता येत नाही. म्हणून मॅनिटोबा प्रांतात १९ शाळा आणि ६४७ मुले घेऊन अधिक काटेकोर प्रयोग झाला. कोणत्या शाळेत कार्यक्रम राबवायचा हे तेथे चिठ्ठ्या टाकावे तसे यदृच्छेने ठरवले होते. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. कार्यक्रम झालेल्या शाळांतील मुलांचा कमरेचा घेर तुलनेने सरासरी सुमारे दीड सेंटिमीटरने कमी भरला. ज्ञान, आत्मविश्वास आणि आहार यांतील स्पष्ट सुधारणा मात्र मुख्यतः लहान सोबत्यांमध्ये आढळली.

म्हणजे आहारमित्राला लाभ होतोच होतो, असे समजण्याचे कारण नाही. तो केव्हा होतो हे कळायचे, तर तो कशामुळे होतो हे पाहिले पाहिजे.

कारण पहिले : डोक्यातील जुळणी

समजा, तुम्हाला लोहाविषयी पाचवीच्या मुलांना सांगायचे आहे. परीक्षेपुरते ‘लोहाच्या अभावी पंडुरोग होतो’ हे एक वाक्य पाठ असले की भागते. पण वर्गातील एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, “माझी आई रोज पालेभाजी खाते, मग तिचे रक्त कमी का?” आता एका वाक्यावर निभाव लागत नाही. पालेभाजी, कडधान्ये व बाजरी यांतील लोह शरीराला मांसातील लोहाइतके सहज शोषता येत नाही. त्यापैकी फार थोडा भाग रक्तात पोहोचतो. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाचे फेरिक स्वरूप बदलून फेरस करते आणि शोषण सुधारते. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला जखडून ठेवतात. म्हणूनच जेवणाच्या आधी व नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ सालच्या मार्गदर्शिकेत सुचवले आहे. त्या मुलीच्या प्रश्नासाठी तुम्हाला ताट, रसायनशास्त्र आणि चहाची वेळ यांची जुळणी करावी लागते. अशी जुळणी एकदा केली की ती सहसा विसरत नाही.

महाविद्यालयात शिकवताना आम्हा अध्यापकांना हा अनुभव नेहमी येतो. ज्या प्रकरणावर पूर्वी नुसती परीक्षा दिलेली असते, ते फळ्यापुढे उभे राहून समजावण्याची वेळ आली की त्याचे नवे कंगोरे दिसू लागतात. अनुभवाला प्रयोगाचाही आधार आहे. जॉन बार्ग आणि याकोव शूल यांनी १९८० साली दाखवले, की ‘हे तुम्हाला पुढे शिकवायचे आहे’ असे सांगितलेले विद्यार्थी तोच मजकूर अधिक चांगला शिकतात. २०१३ साली फिओरेला आणि मेयर यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी विषय घेतला भौतिकशास्त्रातला, डॉप्लर परिणामाचा. नुसती शिकवण्याची तयारी करणाऱ्यांना लगेच घेतलेल्या चाचणीत फायदा दिसला. पण आठवड्यानंतर चाचणी घेतली तेव्हा सरस ठरले ते, ज्यांनी तयारी करून प्रत्यक्ष शिकवलेही होते. तयारीने आलेला रंग उडतो. शिकवल्याने तो अधिक पक्का बसतो.

कारण दुसरे : मनाची टोचणी

परंतु ज्ञान वाढले म्हणून ताट बदलेलच असे नाही. वडापाव तळकट असतो हे कोणाला ठाऊक नाही? म्हणून दुसऱ्या कारणाकडे जाऊ. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली असा सिद्धान्त मांडला, की आपले बोलणे आणि आपले वागणे यांत विसंगती असेल तर मनाला ती टोचत राहते. ही टोचणी कमी करण्यासाठी माणूस एक तर सबबी शोधतो, नाही तर वागणे बदलतो.

याची एक झकास परीक्षा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील केंद्रात झाली. तेथे पाण्याची टंचाई होती. पोहून आलेल्या विद्यार्थिनी स्नानगृहात जाण्यापूर्वी संशोधकांनी त्यांना गाठले. काहींना, तुम्ही अंघोळीला पाणी वाया घालवता का, असे प्रश्न विचारून त्यांच्याच सवयींची आठवण करून दिली. काहींकडून, ‘थोडक्यात अंघोळ उरका’ अशा अर्थाच्या जाहीर फलकावर सही घेतली. काहींच्या बाबतीत दोन्ही केले, तर काहींना नुसतेच जाऊ दिले. मग आत कोणाचा फवारा किती वेळ चालतो, हे त्यांच्या नकळत घड्याळ लावून मोजले. नुसत्या गेलेल्या विद्यार्थिनींना सरासरी सुमारे ५ मिनिटे लागली. ज्यांना आपली सवय आठवली होती आणि ज्यांनी लोकांना उपदेशही केला होता, त्यांनी सुमारे ३ मिनिटे ४० सेकंदांत अंघोळ आटोपली. नुसता उपदेश किंवा नुसती आठवण यांचा परिणाम याहून कमी पडला. १९९२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

आपल्या म्हणीतला पाषाण कोरडा का राहतो याचे उत्तर येथे मिळते. उपदेश करणाऱ्याला स्वतःच्या वागण्याकडे पाहावेच लागले नाही, तर तो कोरडा राहू शकतो. आहारमित्राला मात्र ही सवलत नसते. आपला छोटा सोबती मधल्या सुट्टीत आपला डबा उघडताना पाहत असतो!

कारण तिसरे : ‘मी उपयोगी आहे’

तिसरे कारण अधिक नाजूक आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली लिहिले, की मदत घेणाऱ्यापेक्षा मदत करणाऱ्याला कधी कधी जास्त लाभ होतो. कारण आपला कोणाला तरी उपयोग आहे ही जाणीव माणसाला उभारी देते. २०१९ साली अमेरिकेतील १,९८२ माध्यमिक विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात याचे प्रत्यंतर आले. निम्म्या मुलांनी केवळ ८ मिनिटे खर्चून, अभ्यास कसा करावा याविषयी धाकट्या विद्यार्थ्यांना सल्ला लिहिला. पुढे त्या सत्रात सल्ला देणाऱ्यांचेच गणितातले व त्यांनी निवडलेल्या विषयातले गुण इतरांपेक्षा थोडे जास्त आले. फरक लहान होता. पण आठ मिनिटांच्या मानाने तो दुर्लक्षण्यासारखा नव्हता. एरवी ज्याला सगळे सल्ला देतात, अशा मुलाला कोणी सल्ला विचारला तर तो स्वतःकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो.

फुटपट्टी सरळ आहे ना?

आता जरा शंकेखोर होऊ. प्रयोगशाळेत मापन करताना उपकरणात मुळातलीच काही चूक आहे का, हे आपण आधी पाहतो. आहारमित्रांच्या अभ्यासांत अशा दोन चुका हटकून डोकावतात.

पहिली चूक निवडीची. आहारमित्र म्हणून बहुधा उत्साही, बोलकी, शिक्षकांच्या विश्वासातली मुले निवडली जातात. ती मुळातच नीट खाणारी असतील, किंवा बदलायला लवकर तयार होणारी असतील, तर श्रेय कार्यक्रमाचे की निवडीचे? यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवड करणे. मॅनिटोबाच्या प्रयोगाचे महत्त्व यातच आहे.

दुसरी चूक नोंदीची. कोण काय खातो हे बहुतेक वेळा मुलांच्याच सांगण्यावरून लिहिले जाते. ज्याने आठवडाभर फळांचे गुणगान केले, तो ‘काल फळ खाल्ले नाही’ असे लिहायला संकोचणारच! म्हणून शक्य तेथे सांगण्यावर न विसंबता मोजता येणारी गोष्ट पाहावी : डब्यात प्रत्यक्ष काय आहे, रक्तातील हीमोग्लोबिन किती आहे. त्यातही घाई उपयोगाची नाही. रक्तातील तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्यामुळे आज चहाची वेळ बदलली म्हणून उद्या रक्ताचा अहवाल बदलत नाही.

या दोन्ही शंका ध्यानात घेऊन असे म्हणता येईल, की शिकवणाऱ्याचे ज्ञान वाढते याला चांगला पुरावा आहे. त्याचे खाणे सुधारण्याची शक्यता वाढते याला बऱ्यापैकी आधार आहे. परंतु ती सुधारणा आपोआप होत नाही, आणि ती किती काळ टिकते हे आहारमित्राचे काम किती काळ आणि किती खरेपणाने चालते यावर अवलंबून राहते.

आहारमित्र की आहार-पोलीस?

या औषधाचे पथ्यही आहे. आहारमित्राला अधिकाराची चटक लागली की तो दुसऱ्यांचे डबे तपासत हिंडू लागतो. कोणाला ‘जाड्या’, कोणाला ‘काडीपैलवान’ म्हणतो. अशा चिडवण्याने खाणे सुधारत नाही. मुले मात्र चोरून खायला किंवा उपाशी राहायला शिकतात. आहारमित्र स्वतःच वजनाच्या काळजीने जेवण टाळू लागला, तर त्याच्याही वाढीच्या वयात ते घातक ठरते. कॅनडातील कार्यक्रमात शरीराविषयी निकोप भावना हा स्वतंत्र विषय ठेवला आहे, तो याच कारणासाठी महत्त्वाचा.

दुसरे पथ्य माहितीचे. जो स्वतः सांगतो त्याच्या मनात ती गोष्ट पक्की बसते, हे आपण पाहिले. मग चुकीची गोष्ट सांगितली तर तीही तितकीच पक्की बसेल! म्हणून आहारमित्राच्या मागे जाणता शिक्षक किंवा आरोग्यसेविका हवीच. ‘मला ठाऊक नाही, विचारून सांगतो,’ हे वाक्य आहारमित्राला आधी शिकवले पाहिजे.

तिसरे पथ्य परिस्थितीचे. सफरचंद खा, बदाम खा, असे सांगणे सोपे असते. ते सर्वांना परवडत नाहीत. ज्या घरात महिनाअखेरीस डाळही पातळ होते, तेथील मुलाला अशा उपदेशाने लाजच वाटेल. जे घरात आहे, दारात मिळते, त्यातूनच चांगली निवड कशी करावी हे सांगणारा खरा आहारमित्र. उसळीवर लिंबू पिळणे आणि चहा तासाभराने घेणे याला फारसा खर्च येत नाही.

आपल्याकडे हे का महत्त्वाचे?

२०१९–२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के पंडुरोगी होते. रक्त कमी असलेल्या मुलीला जिना चढताना धाप लागते, वर्गात डोळे मिटू लागतात. लोक तिला आळशी म्हणतात; प्रत्यक्षात तिच्या स्नायूंना व मेंदूला पुरेसा प्राणवायू पोहोचत नसतो. आणि याच वयात गरज सर्वांत मोठी असते. १६ ते १८ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह मिळावे अशी २०२० सालची शिफारस आहे.

म्हणजे आपल्याकडे आहारमित्र होऊ शकणारी मुलगी ही केवळ निरोप पोहोचवणारी नाही. बहुधा त्या निरोपाची सर्वांत जास्त गरज तिलाच आहे. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगावी समवयस्क मार्गदर्शक नेमण्याची योजना आहे आणि पोषण हा त्यातील एक प्रमुख विषय आहे. २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात शिक्षक ‘आरोग्यदूत’ आणि विद्यार्थी ‘संदेशवाहक’ कल्पिले आहेत. किती जणांपर्यंत संदेश पोहोचला हे या कार्यक्रमांत मोजले पाहिजेच. पण संदेशवाहकाचे स्वतःचे हीमोग्लोबिन किती वाढले, हाही एक रकाना तक्त्यात असावा. तसेच ही संधी दरवर्षी त्याच त्या पहिल्या बाकावरच्या मुलांना न देता आळीपाळीने सर्वांना द्यावी. मागच्या बाकावरचा अबोल मुलगा कदाचित सर्वांत जास्त बदलेल.

करून पाहा

हा प्रयोग तुमच्या शाळेतही करता येईल. शिक्षकांच्या मदतीने वर्गातील ४० मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका आणि २०-२० चे दोन गट पाडा. एका आठवड्यात प्रत्येकाने रोज दोनच गोष्टी नोंदवायच्या : जेवणानंतर तासाभराच्या आत चहा घेतला का, आणि जेवणात लिंबू, आवळा, पेरू यांपैकी काही होते का. नावाऐवजी फक्त क्रमांक लिहा. म्हणजे कोणी संकोचाने खोटे लिहिणार नाही. मग लोहाविषयीची एक पानभर माहिती दोन्ही गटांना वाचायला द्या. पहिल्या गटाने ती पाचवीच्या मुलांना चार आठवडे, आठवड्यातून एकदा, शिकवावी. दुसऱ्याने नुसती वाचावी. चार आठवड्यांनी पुन्हा आठवडाभर तीच नोंद करा.

समजा, पहिल्या गटात लिंबू-आवळ्याचे दिवस सरासरी २ वरून ५ वर गेले आणि दुसऱ्या गटात २ वरून ३ वर. दुसऱ्या गटातील १ दिवसाची वाढ नुसत्या वाचनाची किंवा नोंद ठेवण्याची. उरलेली २ दिवसांची वाढ शिकवण्याची असू शकेल. हे आकडे अर्थात काल्पनिक आहेत. खरे तुम्ही काढायचे. कदाचित दोन्ही गटांत काहीच फरक पडणार नाही. तेही उत्तरच होय. ते लपवू नका. प्रयोग संपल्यावर दुसऱ्या गटालाही शिकवण्याची पाळी जरूर द्या, कारण फायदा असलाच तर तो निम्म्या वर्गाने का गमवावा? या प्रयोगात कोणाचे वजन करू नका आणि कोणाचा डबा उघडून पाहू नका.

म्हण खोटी ठरेल की खरी, हे तुमच्या तक्त्यावरून कळेल. पाण्यात नुसता पडून राहिलेला दगड आतून कोरडाच राहतो. पण झऱ्याचे पाणी ओंजळीने भरून दुसऱ्याला देणाऱ्याचे हात मात्र ओले झाल्याशिवाय राहत नाहीत.